विचारा बिनधास्त : चैत्रातली मासळी, गच्ची आणि गार ग्लास

होळी उलटली की बडोद्यात दुपारी रस्ते ओस आणि रात्री गच्च्या भरलेल्या, आणि या वेळी तुमच्या प्रश्नांचा गठ्ठाही तसाच निघालाय, अर्ध्याहून जास्त प्रश्न मित्रमंडळी बोलावून मासे खाण्याचे. प्यायचं काय हाही प्रश्न आहेच, आपल्या राज्यात तो जरा हळू आवाजात विचारतात इतकंच. सगळ्यांना लागू पडेल अशी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे प्रत्येक उत्तरात तीच कॅसेट नको : उन्हाळ्यात मासळीचा बेत मसाल्यावर नाही, घड्याळावर चालतो. मासा बर्फातून निघाल्यापासून ताटात पडेपर्यंत मध्ये किती वेळ गेला, त्यावर चव पण आणि पोट पण.

प्रश्न : दांडिया बाजारात आमच्या जुन्या वाड्याची गच्ची आहे. एप्रिलमध्ये एका शनिवारी आम्ही आठ मित्र जमणार. सुरमई फ्राय, पापलेट, कोलंबी, खेकडे, वर बिर्याणी असा बेत ठरतोय. किती आणावं? आणि काही विसरतोय का?

विसरताय ते कॅलेंडर. आठ मराठी माणसं आणि शनिवार म्हटल्यावर त्यातले दोन-तीन ऐन वेळी "आज माझा शनिवार" म्हणून नुसता भात खाणार, लिहून ठेवा. शिवाय चैत्र म्हणजे नवरात्र, रामनवमी, हनुमान जयंती, मध्येच संकष्टी, आणि तुमच्या ग्रुपमध्ये कोणी गुजराती असेल तर त्यांची चैत्री नवरात्र कडक असते. म्हणून आधी ग्रुपवर वार ठरवा, मग मासा. शुक्रवारची रात्र सगळ्यात बिनबोभाट. रविवार चालतो, पण सकाळी बाजारात गर्दी आणि भाव दोन्ही चढे असतात.

आता बेत. भाऊ, हा बेत आठ माणसांचा नाहीये, हा लग्नाचा आहे. खेकडे काढा. खेकडा ही बैठक मारून, दोन्ही हात बरबटून, मध्ये मध्ये नळाखाली हात धुऊन खायची गोष्ट आहे, आणि जुन्या वाड्याच्या गच्चीवर नळ असतो का? बिर्याणी पण काढा, तळलेला मासा आणि बिर्याणी एकाच रात्री म्हणजे दोघांपैकी एक फुकट जातं. ठेवा तीनच : एक तळायचं, एक कोलंबीचं, एक आमटी आणि भात.

अंदाज असा की तळायला सुरमईच्या तुकड्या एक किलो, मध्यम जाडीच्या, म्हणजे प्रत्येकाला दोन तरी येतात. कोलंबी सालासकट घेणार असाल तर सव्वा किलो घ्या, कारण डोकं-साल काढल्यावर वजन जवळजवळ अर्ध्यावर येतं आणि मग "अरे इतकीच?" असं होतं. आमटीला बांगडा किंवा जे ताजं दिसेल ते, पाऊण किलो बास. आणि ताजे बोंबील दिसले तर सुरमई अर्धी करा आणि डझनभर बोंबील घ्या, इथल्या बाजारात बुमला म्हणून मागा. बोंबलात जवळजवळ सगळं पाणीच, तेव्हा चिरून उघडा करायचा, मीठ लावून दोन फळ्यांमध्ये वर वजन ठेवून दाबायचा, पाणी निघालं की मगच रवा. हे न करता तव्यावर टाकलात तर तव्यावर लापशी होते.

कोलंबीचं भुजणं करा असं मी सुचवीन, सीकेपी घरांत करतात तसं. कांदा उभा भरपूर, लसूण ठेचून, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद, मीठ, दोन-चार कोकमं, कोलंबी, आणि तेल हात आखडता न घेता, सगळं कच्चंच एका पातेल्यात कालवून झाकण ठेवून गॅसवर. परतायचं नाही, वाटण नाही, नारळ नाही, गच्चीवर छोटा सिलेंडर नेलात तर तिथेच होतं आणि वास खाली जिन्यापर्यंत जातो, हा फायदा की तोटा ते शेजारी कोण आहेत त्यावर. कोलंबी वळली आणि रंग बदलला की उतरवा, पाच-सात मिनिटांच्या वर ठेवलीत तर रबर.

सुरमईला मीठ, हळद, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ लावून वीसेक मिनिटं पुरे. सकाळी लावून रात्री तळू असं नको, आंबट जास्त वेळ बसलं की मासा वरून पिठूळ होतो. आणि ती वीस मिनिटं फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही. बडोद्याच्या एप्रिलमध्ये स्वयंपाकघर संध्याकाळीही चांगलंच तापलेलं असतं, आणि बत्तीस डिग्रीच्या वर हवा असली की मासा, कच्चा किंवा शिजलेला, तासाभरापेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नये हा नियम धरून चला. म्हणून आधी सगळं तळून डब्यात भरून वर नेणं हा प्रकारच बंद. तवा वर न्या. चार-चार तुकड्या तळायच्या, तव्यावरून थेट ताटात, एक जण तळतोय बाकीचे खातायत, मग तळणारा बदलायचा. गप्पाही तव्याभोवतीच रंगतात.

एक गोष्ट मात्र लोक हमखास करतात, गार पेयांच्या बाटल्या सगळ्या घरच्या फ्रिजमध्ये कोंबतात, मग दर पाच मिनिटांनी कोणीतरी फ्रिज उघडतो आणि आत मासा कोमट होत बसतो. बाटल्यांना वेगळा टब. बर्फ, त्यात पाणी आणि मूठ-दोन मुठी जाडं मीठ. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाच्या पाण्यात बाटली लवकर गार होते कारण पाणी चहूबाजूंनी चिकटतं, आणि मिठामुळे ते पाणी शून्याच्याही खाली उतरतं. फॅक्टरीची लादी आणलीत तर ती टबातच, ग्लासात घालायचा बर्फ घरी फिल्टरच्या पाण्याचा.

गच्चीवर सहाला पाणी मारा, साडेसातच्या आधी कोणाला वर बोलावू नका, स्लॅब दिवसभराची उष्णता परत देत असतो आणि लोक बसायच्या आधीच वैतागतात. तोंडात टाकायला लीलो चिवडा ठेवा, कच्ची कैरी आणि कांदा बारीक चिरून तिखट-मीठ लावून ठेवा. शेवटी ताडगोळे मिळाले तर ताडगोळे, इथे त्यांना गलेली म्हणतात, गलेलीवाले हातगाडीवर दिसायला लागतात तेव्हा. केसर आंब्याची वाट बघू नका, गीरचा केसर नीट पिकलेला एप्रिलच्या शेवटी आणि मे मध्येच, त्याआधी जे केसर म्हणून विकतात त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही.

प्रश्न : बडोद्यात समुद्र नाही, मग इथे ताजा मासा मिळतो हे खरं का? आमचे मुंबईचे नातेवाईक हसतात.

हसू द्या. गुजरातचा किनारा सोळाशे किलोमीटरच्या वर, वेरावळ हे देशातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक, आणि जाफराबादकडच्या बोंबलावर मुंबईची पण बरीच भिस्त आहे. बडोदा मुंबई-दिल्ली मेन लाइनवर, मुंबई सेंट्रलपासून ३९२ किलोमीटर, रात्रीतून माल येतो. तुमचे नातेवाईक जो मासा आणतात तोही बोटीवर बर्फात काही दिवस काढून आलेला असू शकतो, ट्रॉलर काय रोज संध्याकाळी घरी येत नाहीत. तेव्हा समुद्र किती लांब हे बघू नका, बर्फ किती हे बघा. मासा जितका तितकाच बर्फ, निदान आपल्या हवेत तरी. नुसताच फळीवर मांडून वरून पाणी शिंपडत असतील तर पुढच्याकडे जा.

बघायचं काय ते आजीला विचारलंत तरी ती हेच सांगेल : डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला उचलून आत लाल, बोटाने दाबलं तर खळगा लगेच भरून यायला हवा, पोट फुटलेलं नको. वास समुद्राचा यावा, नाकात झिणझिण्या आणणारा अमोनियाचा नको. कोलंबीचं डोकं लोंबकळत असेल किंवा काळं पडलं असेल तर सोडा. कापलेल्या तुकड्या घ्यायच्या झाल्या तर कडा सुकलेल्या आणि पिवळट नकोत. विक्रेत्याला "आतून दाखव" म्हणायला लाजू नका, चांगला कोळी खूश होतो उलट.

आणि फ्रोझन म्हणजे वाईट असंही नाही. बोटीवरच नीट गोठवलेली कोलंबी ही बाजारात दोन दिवस कोमट पडलेल्या "ताज्या" कोलंबीपेक्षा कितीतरी बरी. फक्त ती रात्रभर फ्रिजच्या खालच्या भागात सोडा, गरम पाण्यात नको, आणि एकदा सुटली की परत गोठवू नका. पाकिटात आतून बर्फाचे खडे जमलेले दिसले तर ते मध्ये कुठेतरी वितळून परत गोठलंय असं समजायचं.

हे सगळं मेअखेरपर्यंतचं. १ जूनपासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी, केंद्राची ६१ दिवसांची, ३१ जुलैपर्यंत, माशांच्या विणीचा काळ म्हणून. त्या दिवसांत "आजच आलाय" म्हणणारा मासा कुठून आला असेल याचा विचार तुम्हीच करा, त्या वेळी गोड्या पाण्याचा रोहू-कटला किंवा सुकट. म्हणून उन्हाळ्याची सुरुवात हा आपला काळ, होळी ते मे, भरपूर खाऊन घ्या.

प्रश्न : मित्र आले की "ड्रिंक्स काय" हा प्रश्न येतो आणि मी दर वेळी लिंबू सरबत पुढे करते, सगळ्यांची तोंडं बघवत नाहीत. काहीतरी सांगा ना!

अहो ताई, तोंडं लिंबू सरबताने पडत नाहीत, ते एकदाच मोठ्या जगमध्ये करून ठेवलेलं कोमट आणि कडवट झालेलं असतं त्याने पडतात. एक-एक ग्लास समोर बनवला की तेच लोक दोनदा मागतात.

कोकम सोडा : ग्लासात दोन मोठे चमचे आगळ, पिठीसाखर चवीला, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूट सैंधव, बर्फ, वर सोडा हळू. आगळात मीठ असतंच तेव्हा सैंधव आधी चाखून. तळलेल्या माशाबरोबर याच्यासारखं काही नाही, तेल कापतं. लिंबू सोड्यात आपल्या इथलं जीरालू घाला, पुण्याच्या मित्रांना तो मसाला माहीतच नसतो. पन्हं कैरी उकडून न करता गॅसवर वांग्यासारखी भाजून करा, साल काळी झाली पाहिजे, मग गर, गूळ गराच्या दीडपट, वेलची नको, त्याऐवजी जिरं आणि थोडी मिरपूड. हळदीकुंकवाचं पन्हं वेगळं आणि हे वेगळं, हे माशाबरोबर जातं. आणि कोणाला बाटलीच हातात धरायची हौस असेल तर सुरतची सोसिओ आहे की, १९२३ पासून चालू आहे आणि चव कोणत्याही कोलासारखी नाही.

नीरा मिळाली तर सकाळचीच आणि गार, तासन्‌तास बाहेर ठेवलीत तर ती आंबायला लागते आणि मग ती नीरा राहत नाही, आपल्या राज्यात तर नाहीच नाही.

प्रश्न : पुण्याहून दोन मित्र येतायत, येताना "दोन बाटल्या घेऊन येतो" म्हणतात. घरात बसून प्यायला काय हरकत?

हरकत कायद्याची. मूळचा मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा, १९६० ला गुजरात वेगळं झालं तेव्हापासून इथे चालू आहे, घरात की बाहेर असा फरक त्यात नाही. बाहेरच्या राज्यातून आलेल्या माणसाला तात्पुरता परवाना मिळू शकतो, पण तो त्याचा एकट्याचा असतो, तुम्हाला त्यातलं पाजायचा नाही. मित्रांना म्हणावं बाटल्या पुण्यातच ठेवा, येताना चांगलं आगळ आणा.

प्रश्न : आम्ही कॉलेजपासूनचे पाच मित्र, सगळे चाळिशीत. एक शनिवार-रविवार दमणला जाऊन मस्त सीफूड आणि बिअर असा प्लॅन आहे. गाडीने जाऊन रविवारी दुपारी परत. काही टिप्स?

बडोद्याच्या अर्ध्या मित्रमंडळांचा प्लॅन हाच असतो त्यामुळे उत्तर लांब देते.

पहिलं, गाडी नको. वापी ट्रेनने सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, तीनेक तास, स्टेशनवरून दमण दहा-बारा किलोमीटर, रिक्षा-टॅक्सी उभ्याच असतात. गाडी नेलीत की पाचातला एक जण दोन दिवस ताक पीत बसणार किंवा, जे जास्त वेळा होतं, बसणार नाही. ड्रायव्हरसाठी मर्यादा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्राम आहे, ती एवढी कमी आहे की "एकच घेतलीय" याला काही अर्थ उरत नाही. शिवाय दमणची हद्द ओलांडली की तुम्ही गुजरातमध्ये, आणि इथे नुसतं पिऊन असणं हाही गुन्हा आहे, मागच्या सीटवर झोपलेला असलात तरी. नाक्यावर तपासणी असते. डिकीत एक बाटली "आठवण म्हणून" ठेवणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो, त्याची बॅग निघताना तुम्ही भरा.

दुसरं, पोचल्या पोचल्या दुपारी एकला बिअर उघडू नका. उन्हात घाम जातोय, दारूने लघवीवाटे अजून पाणी जातं, आणि गार बिअरने तहान भागल्यासारखी वाटते, भागत नाही. चार वाजेपर्यंत डोकं धरून सगळे रूमवर एसीत, आणि समुद्र बाहेर. दुपारी साधं जेवा, झोपा, पाचनंतर नानी दमणला सेंट जेरोमच्या किल्ल्यावर जा, तिथून दमणगंगेच्या मुखाशी मासेमारीच्या बोटी दिसतात. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत इथे पोर्तुगीज होते, मोटी दमणच्या किल्ल्यात अजून ते जाणवतं. देवकाचा किनारा खडकाळ आहे, बसायला बरं. वाळूत पाय सोडायचे तर जामपोर, सुरूची झाडं पण आहेत. भरती-ओहोटी या भागात जोरदार, दोन ग्लास झाल्यावर पाण्यात उतरायचं नाही, यावर चर्चा नको.

आता हॉटेलात. मेन्यूवर पापलेट, लॉब्स्टर, खेकडा यांच्यापुढे भाव नसतो, "साइझप्रमाणे" असतं, आणि पाच मित्र गप्पांत असताना वेटरला हेच हवं असतं. तेव्हा आधी कच्चा मासा ताटात आणून दाखवायला सांगा, समोर वजन, समोर भाव, मग होकार. दाखवत नसतील तर उठा, शेजारी दुसरं हॉटेल आहे. सगळं एकदम ऑर्डर करू नका, एक प्लेट आली, संपली, मग पुढची, नाहीतर टेबलावर सहा डिश गार होत बसतात आणि बिअर गरम होत बसते. बिअरबरोबर लाल ग्रेव्हीतलं काहीही मागवू नका असं माझं स्पष्ट मत आहे, त्यात मासा कुठला हे आचाऱ्यालाही कळत नाही. तवा, रवा किंवा तंदूर. माकुल, म्हणजे स्क्विड, घेतलंत तर दोन मिनिटांत तळलेलं कुरकुरीत की बराच वेळ शिजवलेलं मऊ, हे विचारा, मधलं सगळं चिवट. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मागवल्या तर जी शिंपली शिजूनही उघडली नाही ती जबरदस्तीने उघडून खायची नाही, बाजूला.

दर ग्लासामागे एक ग्लास पाणी, आणि पहिल्या घोटाआधी पोटात काहीतरी. चाळिशीत आहात म्हणालात म्हणून सांगते, विशीतलं गणित धरू नका. रविवारी सकाळी उशिरा उठा, पोहे खा, आणि दुपारची ट्रेन पकडा.

प्रश्न : होळीच्या पार्टीत बांगडा खाल्ल्यावर अर्ध्या तासात माझ्या मिस्टरांचा चेहरा आणि मान लाल झाली, डोकं दुखलं, तोंडात तिखट जळजळ. काही तासांत गेलं. अजून दोघांना पण थोडं झालं. आता सासूबाई म्हणतात माशाची ॲलर्जी आहे, कायमचे बंद. खरंच का?

एकाच वेळी तिघांना झालं ना, मग ॲलर्जीपेक्षा त्या माशावर संशय जास्त. बांगडा, तारली, कुपा, सुरमई या जातीच्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा पकडल्यावर बर्फ कमी पडला की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात, आणि ॲलर्जीत शरीर जे स्वतः सोडतं ते हेच, म्हणून दिसायला अगदी ॲलर्जी. वाईट भाग असा की एकदा झालेलं हिस्टामीन ना तळून जातं, ना उकळून, ना गोठवून, आणि वास-चव बऱ्याचदा ठीकच लागते, क्वचित मिरीसारखं जिभेला चावतं. म्हणजे बांगडा घेताना बर्फाबद्दल वर जे लिहिलंय ते बांगड्याला दुप्पट लागू.

सासूबाईंना सांगा डॉक्टरांना दाखवतो, ते हवी तर टेस्ट करतील, मग ठरवू. पण एकट्या एका माणसाला दर वेळी, ताज्या माशानेही, किंवा कोलंबी-खेकड्याच्या चिमूटभर तुकड्यानेही अंगावर गांधी उठत असतील तर ती खरी ॲलर्जी असू शकते. कोलंबीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन शिजवल्यानेही जात नाही, तेव्हा "थोडी खाऊन बघ, सवय होईल" असा प्रयोग पाहुण्यांवर करू नका. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर घरगुती उपाय नाही, लगेच १०८.

प्रश्न : सोलकढी पिताना आई ओरडते, माशावर दूध घेतलं की कोड येतं म्हणून. आणि माझी सोलकढी दर वेळी फाटते!

सोलकढीत गाईचं दूध नसतंच, नारळाचं असतं, आईंना एवढं सांगून बघा. बाकी मासे आणि दूध हा आयुर्वेदात विरुद्ध आहार सांगितलाय हे खरं, पण कोड म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेचा रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते, त्याचा मासे-दुधाशी संबंध सिद्ध झालेला नाही. बंगाली घरात दह्यातला मासा, दोई माछ, पिढ्यान्‌पिढ्या खातायत. आईंना मानायचं असेल तर मानू द्या, वाद घालून जेवणाची चव कशाला घालवा.

फाटते कारण तुम्ही गरम करताय किंवा गरम कोकमाच्या पाण्यात नारळाचं दूध ओतताय. कोकमं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, चुरा, गाळा, पूर्ण गार होऊ द्या, मग त्यात पहिलं घट्ट दूध. लसणाची पाकळी आणि मिरची ठेचून, मीठ, कोथिंबीर. गॅस लावायचाच नाही. भांडं स्टीलचं किंवा काचेचं, तांब्या-पितळेचं नको, आंबटाने कळकतं. आणि रात्रीची उरलेली सकाळी नको, नारळाचं दूध उन्हाळ्यात फार लवकर आंबतं.

प्रश्न : निझामपुऱ्यात आमच्या सोसायटीत चौदा घरं, मासे खाणारे आम्ही दोनच. वासावरून मीटिंगमध्ये विषय निघतो. मित्रांना बोलावायची हिंमत होत नाही.

तळू नका. पात्रानी मच्छी करा, पारशी लोकांची, नवसारी-उदवाड्याची आपल्याच गुजरातची गोष्ट आहे. पापलेटच्या तुकड्यांना ओलं खोबरं, कोथिंबीर, मिरची, लसूण, लिंबू याची हिरवी चटणी, केळीच्या पानात बांधून मोदकपात्रात पंधरा मिनिटं. वास पानातच राहतो. खरा वास येतो तो दुसऱ्या दिवशी कचऱ्याचा, तो आदल्या दिवशीच बंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी महापालिकेची गाडी आली की थेट तिच्यात. जिन्यातल्या डब्यात एक रात्र जरी राहिला तरी मीटिंग पक्की. २०२१ मध्ये आपल्याच शहरात गाड्यांवरचे मांसाहारी पदार्थ झाकून ठेवा म्हणून केवढा गदारोळ झाला होता, त्यामानाने चौदा घरांची मीटिंग काहीच नाही. त्या दिवशी शेजारच्या काकूंकडे पन्ह्याची बाटली मात्र पाठवा.

प्रश्न : ग्रुपमध्ये एक जैन मैत्रीण आहे. ती म्हणते मी येते, मला काही नको. तिच्यासाठी काय ठेवू?

"काही नको" याचा अर्थ काही नको असा नसतो. तिचा पदार्थ सगळ्यात आधी, वेगळ्या तव्यावर, वेगळ्या तेलात, आणि कांदा-लसूण-बटाटा नाही. पनीर नको हो, दर वेळी बिचारीला पनीर. कच्च्या केळ्याचे काप रवा लावून, अगदी सुरमईसारखेच तळा, सोबत कोकम सोडा. केळ्याचे काप जरा जास्तच करा, तिच्यासाठी केलेले मासे खाणारेच संपवतात.

प्रश्न : युरिक ॲसिड वाढलंय. कोलंबी-बिअर?

दोन्ही वाढवतात, एकत्र तर जास्तच. डॉक्टरांनी पथ्य दिलं असेल तर तेच पाळा, एखाददुसरी तुकडी माशाची चालेल का ते त्यांनाच विचारा, आणि पाणी भरपूर प्या. गच्चीवर तवा सांभाळायचं काम तुम्ही घ्या, तळणाऱ्याला वासानेच अर्धं पोट भरतं.